स्लॅबमधला चौकोन

"सर, ही जाड रेघ आहे ना, तिथं आपण इमारत उभी कापलीय असं समजायचं," ती म्हणाली आणि तिनं कागदावर बोट ठेवलं. "आणि या बारीक रेघा म्हणजे कापल्यावर पलीकडचं जे दिसतं ते. याला सेक्शन म्हणतात."

"अच्छा," तो म्हणाला.

अच्छा! पाच वर्षं आर्किटेक्चर शिकलेला माणूस, सेक्शन काढून काढून ज्याच्या मधल्या बोटाला घट्टा पडला होता तो माणूस, भरल्या मीटिंगमध्ये मान डोलावून 'अच्छा' म्हणाला. वर आणखी 'आणि ही इथं खाली कोण, माणसं का?' असंही त्यानं विचारलं, कारण एकदा अडाणी व्हायचं ठरवलं की नीट तरी व्हावं. पोरगी खूश झाली. "हो सर, माणसं. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणारी. उंची कळावी म्हणून काढतो आम्ही." आम्ही, असं ती किती सहज म्हणाली. कॉलेजातून बाहेर पडून तिला दोन-तीन वर्षंच झाली असतील, तिच्या आर्किटेक्ट साहेबांनी या कामावर तिला एकटीला सोडलं होतं आणि आपण एका प्रोजेक्ट मॅनेजरला ड्रॉइंग वाचायला शिकवतोय याचं तिला कौतुक वाटत होतं. शिकवत होतीही चांगलं. आवाज न चढवता, समोरच्याला कमीपणा येऊ नये अशा बेतानं. त्याच वेळी हसून 'अहो, मीपण तुमच्यातलाच' म्हणून टाकलं असतं तर चहाबरोबर तो विषय संपला असता. पण अशा गोष्टी सांगायचा एक क्षण असतो आणि तो गेला की मग सांगणं म्हणजे कबुली दिल्यासारखं होतं. टेबलापलीकडे काँट्रॅक्टरचे इंजिनियर बसले होते. साइटवर लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनाही ठाऊक नव्हतं. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली मॅनेजमेंटची पदवी होती. आधीची पदवी केव्हातरी नवीन कार्डं छापताना, ओळ फार लांब होते म्हणून, त्यानंच काढायला सांगितली होती.

ती आली होती ते एका चौकोनासाठी. इमारत एका ट्रस्टच्या दवाखान्याची. मधोमध पेशंटनी बसायचा हॉल आणि हॉलच्या चारी बाजूंनी तपासायच्या खोल्या, म्हणजे हॉलला खिडकी म्हणून कुठं निघणार नव्हती. म्हणून तिनं हॉलच्या डोक्यावर, स्लॅबमध्येच, एक मोठा चौकोन मोकळा सोडला होता आणि त्यावर काच टाकली होती. वरून उजेड यावा, बसलेल्यांना निदान आभाळ दिसावं. तो चौकोन गेल्या आठवड्यात कामातून उडवण्यात आला होता आणि उडवणारा हाच. उडवला म्हणजे तरी काय? ऑफिसात संगणकावर वेळापत्रक उघडं होतं. एकाखाली एक ओळी, ओळीसमोर कामाची पट्टी. 'हॉलवरची काच' अशी एक ओळ होती. एवढी मोठी काच वेळेत मिळत नाही, शिवाय तिथून पाणी गळणार हे ठरलेलं, आणि गळलं की सगळे याच्याच नावानं खडे फोडणार. त्यानं ती ओळ काढली. काढल्याबरोबर खालच्या सगळ्या पट्ट्या एकदम डावीकडे सरकल्या आणि शेवटची तारीख आठवडाभर अलीकडे आली. ते सरकणं बघताना त्याला बरं वाटलं. हा नफ्यातला आठवडा त्यानं कुणाला सांगितला नाही. यात लबाडी नव्हती, धंद्याची रीतच होती. चांगला मॅनेजर एखादा आठवडा पोटात ठेवतो. ट्रस्टला जुनीच तारीख माहीत असते, काँट्रॅक्टरला जुनीच तारीख सांगून पळवायचं असतं, आणि मधे काही विपरीत घडलं तर तो आठवडा हळूच बाहेर काढून सगळ्यांची अब्रू वाचवायची असते. हे त्याला छान जमायचं. ड्रॉइंग मात्र त्यानं उघडून बघितलं नव्हतं. चौकोन कशाच्या डोक्यावर आहे, त्याच्याखाली कोण बसणार आहे, हे त्याला आज, तिचं बोट कागदावर फिरताना, पहिल्यांदा समजलं.

"सर, काहीच करता येणार नाही का?" तिनं विचारलं. "सोमवारी स्लॅब ओतला की संपलंच."

"बघतो," तो म्हणाला.

मामा गालातल्या गालात हसले. साहेबांचं 'बघतो' त्यांच्या चांगल्याच ओळखीचं होतं.

घरी जाताना गाडीत त्याला सारखी ती माणसं दिसत राहिली, सेक्शनमध्ये खाली काढलेली, नाकडोळे नसलेली, हातात फाइल धरून बसलेली. कॉलेजात तो अशी माणसं फार मन लावून काढायचा. मित्र चेष्टा करायचे, की याच्या इमारती बेताच्या पण भाडेकरू झकास. मग हे सुटलं केव्हा? सुटण्याचा असा एक दिवस सापडला असता तर त्या दिवसाला शिव्या तरी देता आल्या असत्या. पहिल्या नोकरीत तो एका आर्किटेक्टकडे जिने आणि संडास काढत बसायचा, सगळे नवीन लोक तेच काढतात. एकदा लाद्यांचा व्यापारी फोन उचलेना, साहेब कावलेले, तर हा सहज म्हणाला, मी बोलून बघू का? बोलला. लाद्या दुसऱ्या दिवशी दारात. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, "बोलायला पटाईत आहेस रे!" त्यानंतर कोणी फोन उचलेना झालं की याला हाक. मग साइटवर भांडण झालं की याला पाठव. ड्रॉइंग बोर्डावरची त्याची जागा दुसऱ्या कुणाला दिली गेली तेव्हा तो साइटवरच होता, परत येऊन बघतो तो त्याच्या पेन्सिली एका डब्यात भरून खिडकीत ठेवलेल्या. त्याला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. उलट हायसं वाटलं. कोरा कागद समोर असला की तो नुसता पेन्सिलींना टोकं करत बसायचा, आणि फोनवर बोलायला कधीच वेळ लागत नसे. पुढे मॅनेजमेंटचा कोर्स, मग मोठी कंपनी, लग्न, घराचे हप्ते. पगार असा वाढला की मागं वळून बघायला मान मोकळी राहिली नाही. आणि कोणी विचारलंच, की तुम्ही मूळचे आर्किटेक्ट ना, तर त्याच्याकडे एक ठरलेला विनोद होता. "होतो, पण मी समाजावर उपकार केले, एकही इमारत काढली नाही!" लोक हसत. तोही हसे. विनोद चांगला होता, कारण त्यातून एक गोष्ट आपोआप सिद्ध व्हायची, की याच्यात तसं काही नव्हतंच. नव्हतंच, तर गेलं काय? इतकी वर्षं तो या एका वाक्याच्या आधारानं सुखात होता.

फक्त एक गोष्ट त्या वाक्यात बसायची नाही. शेवटच्या वर्षी परीक्षेला बाहेरून एक म्हातारे आर्किटेक्ट आले होते. प्रत्येकाच्या ड्रॉइंगसमोर नाक मुरडत चालले होते, एका मुलीला तर त्यांनी रडवलं. याच्यासमोर आले, त्यानं काढलेल्या जिन्यासमोर बराच वेळ उभे राहिले, आणि पुढच्याकडे वळता वळता म्हणाले, "वरून उजेड कसा आणायचा हे तुला कळतं. ते शिकवता येत नाही." एवढंच. गुणही काही फार दिले नाहीत. ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. सांगितली असती तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता.

"गप्प का आज?" बायकोनं जेवताना विचारलं.

"एक पोरगी मला सेक्शन म्हणजे काय ते शिकवत होती."

"मग?"

"मग काय, शिकलो."

ती हसली, आणि मग हसता हसता थांबून म्हणाली, "खरंच रे, तुला काही काढताना मी कधी बघितलंच नाही. आपलं लग्न झालं तेव्हा तू फोनवरच होतास." ती बोलली ते सहज, तिच्या मनात टोमणा नव्हता. पण त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही.

रविवारी तो आईकडे गेला. शहराच्या कडेला, बाबांनी रिटायर झाल्यावर बांधलेल्या घरात ती एकटी राहायची. भर दुपारी स्वयंपाकघरात ट्यूबलाइट लावून ती भाजी निवडत बसली होती.

"आई, दुपारचा दिवा कशाला गं?"

"मग काय, तू पाडलेल्या उजेडात निवडू?" ती म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर खुदकन हसली. "बस. चहा टाकते."

तो बसला. स्वयंपाकघराला एकच खिडकी होती आणि ती शेजारच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उघडत होती. मागच्या बाजूला, जिकडे मोकळं परस होतं, तिकडे बिनकामाचा बोळ काढून ठेवलेला. कोणाही पहिल्या वर्षाच्या मुलाला ही चूक दिसली असती. जागा घेतली तेव्हा बाबा त्याला म्हणाले होते, "घर तुझ्या हातचं पाहिजे हं. दुसऱ्या कुणाला मी पैसे देणार नाही." तो म्हणाला होता, अर्थातच. आणि त्याला ते मनापासून करायचं होतं. पण तेव्हा एका मॉलचं काम चालू होतं, मग दुसरं निघालं. बाबा फोन करायचे तेव्हा तो मीटिंगमध्ये असायचा. बाबा म्हणायचे, "सवडीनं कर, घाई नाही." घाई नसलेलं काम त्याच्या वेळापत्रकात कधीच वर आलं नाही. शेवटी बाबांनी नगरपालिकेच्या कचेरीसमोर टेबल टाकून बसणाऱ्या एका माणसाकडून नकाशा काढून घेतला आणि घर उभं केलं. वास्तविक बाबांनी चिडायला हवं होतं. त्याऐवजी वास्तूला आलेल्या प्रत्येकाला ते अभिमानानं सांगत होते, "आमचा मुलगा मोठमोठ्या इमारती बघतो. असल्या लहान कामासाठी त्याला कुठं त्रास द्यायचा!" तो तिथंच उभा होता, हातात पाण्याचा पेला घेऊन, आणि बाबांनी रागावून दोन शब्द बोलावेत असं त्याला फार वाटत होतं. बाबा त्यानंतर चारच वर्षं जगले. आजची थट्टा सोडली तर आईनं एवढ्या वर्षांत स्वयंपाकघराबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ती दिवा लावायची आणि कामाला लागायची. चहा पिता पिता त्याला वाटलं, उद्या तो चौकोन वाचवावा. आठवडा आहे ना हाताशी, आणि तोही त्या चौकोनाचाच. ज्याचं त्याला देऊन टाकायचं. ट्रस्टला कळणारसुद्धा नाही. हे इतकं सोपं होतं, की हे आपल्याला आधी सुचलं कसं नाही याचंच त्याला नवल वाटलं.

सोमवारी तो साइटवर सगळ्यांच्या आधी पोचला, म्हणजे त्याला तसं वाटलं. वर जाऊन बघतो तो ती स्लॅबच्या सेंटरिंगवर उभी. लाकडी फळ्यांचा पसारा, त्यावर सळयांची जाळी, आणि मधे तो चौकोन अजून मोकळा. जुन्या ड्रॉइंगप्रमाणे सुतारांनी त्याच्या कडांना पेटी ठोकली होती. ती काढून, फळ्या टाकून, आता तो बुजवायचा होता. तो कडेला जाऊन वाकला. खाली हॉलमध्ये सेंटरिंगच्या खांबांची दाटी होती, आणि त्या दाटीत, बरोब्बर मध्यभागी, सकाळच्या उजेडाचा एक तुकडा जमिनीवर पडला होता. धूळ होती, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या, एक फुटकी बादली होती, आणि तेवढ्यापुरतं ते सगळं स्वच्छ दिसत होतं. किती वर्षांत त्यानं इमारतीकडे असं वाकून बघितलं नव्हतं!

"गळेल म्हणून काढलात ना सर?" ती मागून म्हणाली. "मी खूप विचार केला. पण गळणार नाही असं काही मला जमेना. आमचे साहेब म्हणाले, सोडून दे."

"काच एकच मोठी कशाला घेतलीत?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

तो सांगायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं, की हे सांगून होणार नाही. बाजूला प्लायवूडची एक कोरी फळी पडली होती. एका सुताराच्या कानामागची पेन्सिल त्यानं मागून घेतली आणि गुडघे टेकून बसला. पेन्सिलीला टोक करायला हवं का, ते त्यानं सवयीनं बघितलं. नको होतं. पहिली रेघ ओढली ती जाड, स्लॅब कापल्याची. मग चौकोनाच्या कडेनं वीतभर उंच कठडा, स्लॅबबरोबरच ओतायचा, म्हणजे सांधाच नको आणि पाणी आत शिरायला वाटच नको. कठड्यावर काचेचे लहान लहान तुकडे, कौलांसारखे एकावर एक चढवलेले, उतरते. लहान काचा कुठल्याही दुकानात मिळतात, वाट बघायची गरज नाही. आणि कठड्याची आतली बाजू सरळ न ठेवता त्यानं ती खालच्या अंगाला पसरती केली, म्हणजे उजेड चौकोनातच न अडकता हॉलभर सांडेल, पार कडेला बसलेल्या माणसापर्यंत. हे त्यानं ठरवून केलं नव्हतं. हातानंच केलं. खाली त्यानं एक माणूस काढला, बसलेला, मग त्याच्या शेजारी एक बाई, मांडीवर मूल. हात कुठंच अडला नाही. सगळं तिथंच होतं. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं म्हणून गप्प बसून राहिलं होतं.

त्यानं वर बघितलं. ती त्याच्याकडे बघत होती, मग फळीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"सर, तुम्ही आर्किटेक्ट आहात," ती म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "आणि मी तुम्हाला परवा सेक्शन..."

"चांगलं शिकवलंत," तो म्हणाला. आणि त्याला एकदम इतका आनंद झाला, की त्याच्या पाठोपाठ काय येतंय हे त्याला कळलं नाही.

मामा कधी आले होते कोण जाणे. कमरेवर हात ठेवून ते फळीकडे बघत होते. त्यांनी बोटानं कठड्याची उंची मोजल्यासारखं केलं, सळया कशा वाकवाव्या लागतील ते मनात बघितलं. "झकास आहे, साहेब. हे गळायचं नाही," ते म्हणाले. "सळया वाकवायच्या, पेटी नवीन करायची, काँक्रीटच्या गाड्यांची तारीख पुढं ढकलायची. मला आठवडा द्या. करून देतो."

दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

आठवडा त्याच्याकडे होता. तो जगात फक्त त्यालाच माहीत होता. 'घ्या' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हणायला त्यानं तोंड उघडलंही. पण त्याच क्षणी त्याच्या मनात काहीतरी गार होत गेलं. हे त्याला येत होतं. आज येतंय म्हणजे तेव्हाही येत होतं. लाद्यांचा फोन केला तेव्हा येत होतं, बाबा सवडीनं कर म्हणाले तेव्हा येत होतं. दोन संध्याकाळी बसला असता तर आईच्या ओट्यावर रोज सकाळी ऊन आलं असतं. हा चौकोन उघडा राहिला तर तो रोज तिथं असणार, लोक त्याच्याखाली बसणार, वर बघणार, आणि आपल्याला कायमचं माहीत असणार, की आपल्यात तसं काही नव्हतं हे खोटं होतं. हा सगळा विचार त्यानं त्या वेळी असा शब्दांत केला का, हे त्याला नंतर कधीच नक्की सांगता आलं नाही. कदाचित नसेलही केला. कदाचित नुसती जिभेची सवय असेल. कोणी आठवडा मागितला की जे उत्तर तो आयुष्यभर देत आला, तेच त्यानं ऐकलं, स्वतःच्याच आवाजात, अगदी शांतपणे दिलेलं.

"आठवडा नाही आपल्याकडे, मामा."

मामांनी खांदे उडवले. त्यांना याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी सुतारांना हाक मारली आणि पेटी काढायला सांगितली. ती थोडा वेळ उभी राहिली, अजून काही पुढे येईल म्हणून. मग तिला कळलं आणि ती म्हणाली, "ठीक आहे सर. तुम्ही प्रयत्न केलात." तिनं हे मनापासून म्हटलं आणि त्यामुळे त्याला तिच्याकडे बघवेना. सुतार ठोकाठोकी करत होते. त्यातला एक त्या फळीपाशी येऊन म्हणाला, "साहेब, ही घेऊ? मापाची हीच आहे." तो 'घ्या' म्हणाला. आता मात्र 'घ्या' लगेच निघालं. सुतारानं फळी चौकोनावर बसवली, काँक्रीट चिकटू नये म्हणून तेलाचं फडकं तिच्यावरून फिरवलं. तेल लागल्यावर रेघा क्षणभर आणखी काळ्याभोर, ठळक दिसल्या, बसलेला माणूस, बाई, मूल. मग वर सळया आल्या. गाड्या आल्या, पाइपातून करडा रगडा धो धो पडू लागला, माणसं गमबूट घालून त्यात उतरली आणि तो सारखा करू लागली. तो शेवटपर्यंत तिथंच उभा राहिला. मॅनेजरनं इतका वेळ थांबायचं काही कारण नव्हतं.

दुपारी, सगळं उरकल्यावर, ट्रस्टच्या सेक्रेटरींचा फोन आला. म्हातारा काळजीखोर माणूस, रोज एकदा तरी फोन करायचाच. "झाला का हो स्लॅब?"

"झाला साहेब. ठरल्याप्रमाणे."

"वा वा! पण मी काय म्हणतो, पुढं काही अडचण-बिडचण आली तर? थोडा वेळ ठेवलाय ना हाताशी? मला नुसतं सांगून ठेवा, म्हणजे झोप लागेल."

"निर्धास्त राहा," तो म्हणाला, त्याच भरवशाच्या आवाजात, ज्यासाठी लोक त्याला मोठा पगार देत. "एक आठवडा बाजूला ठेवलाय मी. कुणाला सांगितला नाहीये. पण आहे."

"बघा! म्हणून तर तुम्ही हवेत आम्हाला. उगाच नाही सगळे तुमचं नाव घेत!"

तो हसला. त्याला बरं वाटलं. आजच्या दिवशीसुद्धा, हे ऐकून त्याला खरोखरच बरं वाटलं. फोन खिशात टाकत तो वळला तर ती मागंच उभी होती, ड्रॉइंगची गुंडाळी काखेत धरून, निरोप घ्यायला आलेली.

तिनं ऐकलं होतं. ती रागावली नाही. एखादं अवघड ड्रॉइंग समजून घ्यावं तसं तिनं त्याच्याकडे नीट, सावकाश बघितलं. मग ती जिन्याकडे वळली, आणि हॉलमधून बाहेर पडायला तिला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला.